विश्लेषण : दार फरशीला का घासते? बिजागरी भारी घेऊनही स्क्रू दगा का देतात?

घराचा ताबा मिळून दोन पावसाळे उलटले की अनेक घरांत एकच तक्रार सुरू होते. बेडरूमचे दार लावताना खालून खर्रर आवाज येतो, टाइलवर कमानीसारखा ओरखडा उमटतो आणि कडी बसवण्यासाठी दार हाताने जरा उचलावे लागते. सुताराला बोलावले जाते. तो दार उतरवतो, खालून रंधा मारतो, पुन्हा बसवतो आणि मजुरी घेऊन जातो. वर्षभराने तोच आवाज, तोच सुतार. दार तेवढे आखूड होत जाते आणि मूळ दुखणे जागच्या जागी राहते.

कारण हे दुखणे बहुतेक वेळा फरशीपाशी नसतेच. ते सहा फुटांवर, वरच्या बिजागरीच्या मागे असते. तिथले तीन-चार स्क्रू लाकडातली पकड सोडत असतात. दार, मायका, हँडल, कुलूप यांची निवड घरातले सगळे मिळून करतात. बिजागरी कोणती आणि स्क्रू किती लांबीचे, हे मात्र ‘मिस्त्री आणेल ते’ यावर सोडले जाते. पुढची दहा-पंधरा वर्षे दार कसे चालणार, हे तिथेच ठरते.

बिजागरीवर नेमका किती भार येतो?

फ्लॅटमधल्या आतल्या खोल्यांना बहुधा फ्लश डोअर असते. आत पाइन किंवा तत्सम लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा, कडेने लाकडी पट्टी आणि दोन्ही अंगांना प्लाय. जाडी ३० ते ३५ मिलिमीटर. सात फूट उंच आणि तीन फूट रुंद अशा भरीव दाराचे वजन ३५ ते ४० किलोच्या आसपास जाते. त्याला दोन्ही बाजूंनी एक मिलिमीटरचा मायका चिकटवला की आणखी पाच-साडेपाच किलो वाढतात. शोभेसाठी वरून लाकडी पट्ट्या किंवा पूर्ण उंचीचा आरसा लावला, तर त्याचे वजन वेगळे. दुकानात बिजागरी मागताना मात्र ‘साधे आतले दार आहे’ असेच सांगितले जाते.

आता हिशोब पाहू. चार इंची बिजागरीला दोन पात्या असतात आणि प्रत्येक पातीला सहसा चार भोके. तीन बिजागऱ्या धरल्या तर दाराच्या बाजूला १२ स्क्रू आणि चौकटीच्या बाजूला १२. दार ३६ किलोचे असेल, तर प्रत्येक स्क्रूच्या वाट्याला तीन किलो. हे ओझे स्क्रूच्या दृष्टीने काहीच नाही. पाइनसारख्या मऊ लाकडातही सव्वा इंच नीट रुतलेला आठ नंबरचा स्क्रू सरळ ओढून काढायला शंभर किलोहून जास्त जोर लागतो. मग बिघडते कुठे?

दार नुसते खाली पडू पाहत नाही, ते कलंडू पाहते. त्याचे वजन बिजागरीखाली नसते, दीड फूट लांब, दाराच्या मधोमध असते. त्यामुळे दार खालच्या बिजागरीवर रेलते आणि वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढते. ९० सेंटिमीटर रुंदीचे ३६ किलोचे दार असेल आणि वरच्या व खालच्या बिजागरीत १६५ सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या बिजागरीवरचा हा आडवा ओढा सुमारे दहा किलो भरतो. २० किलोचे मूल हँडलला धरून झोका घेऊ लागले की आणखी दहा किलो, म्हणजे थेट दुप्पट. दारामागच्या हुकांना लटकवलेली दप्तरे, ओल्या छत्र्या, जीन्स आणि रेनकोट यांचाही हिशोब याच खात्यात जमा होतो.

जुन्या वाड्यांतील जाडजूड दारे पिढ्यान्‌पिढ्या का टिकली, याचे एक कारण इथे सापडते. त्यांतल्या अनेक दारांना बिजागऱ्या नव्हत्याच. पल्ल्याच्याच लाकडातून वर-खाली खुंट्या काढलेल्या असत आणि त्या चौकटीतल्या खोबणीत फिरत. वजन थेट खालच्या खोबणीवर येई, लाकडाला ओरबाडणारे काही मध्ये नसे. बिजागरी आली तशी दारे हलकी, घट्ट आणि बसवायला सोपी झाली, पण सगळा भार मूठभर स्क्रूंवर आला.

दाराचे स्क्रू आधी सुटतात की चौकटीचे?

दार बंद असताना वरचा ओढा दोन्ही बाजूंच्या स्क्रूंना सरळ बाहेर खेचतो. दार काटकोनात उघडले की चौकटीच्या स्क्रूंवर तो आडवा येतो, आणि आडवा भार स्क्रू सहज पेलतो. दाराच्या कडेतले स्क्रू मात्र दार उघडे असो वा बंद, बाहेरच्या दिशेनेच ओढले जातात. त्यात चौकट बहुधा साग, साल किंवा ‘मलेशियन साल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कठीण लाकडाची असते, तर दाराची कड मऊ लाकडाची. म्हणजे कमी पकडीच्या बाजूला जास्त छळ. त्यामुळे तपासणी करताना आधी दाराच्या कडेकडे पाहावे. पातीच्या मागे नखाएवढी फट दिसली किंवा स्क्रूचे डोके पातीच्या बाहेर आलेले दिसले, तर रंध्याची गरज नाही, स्क्रू बदलण्याची आहे.

खरा घात मात्र रोजच्या वजनाने होत नाही. तो बिजागरीच्या बाजूला अडकलेल्या चपलेने होतो. दाराच्या मागच्या फटीत चप्पल, केरसुणीचा दांडा किंवा खेळण्यातली गाडी अडकते आणि कोणीतरी दार जोराने ढकलते. अडथळा बिजागरीच्या पिनपासून पाच सेंटिमीटरवर आहे आणि हात ८५ सेंटिमीटरवर, म्हणजे जोर १७ पट होतो. पाच किलोच्या साध्या धक्क्याने बिजागरीवर ८० किलोचा ताण येतो, आणि वस्तू जमिनीवर असेल तर त्यातला मोठा वाटा एकट्या खालच्या बिजागरीवर. अडकित्त्यात सुपारी फुटते त्यातलाच हा प्रकार आहे. वारा आला की दार आपटू नये म्हणून बिजागरीच्या फटीत कागदाची घडी किंवा लाकडी पाचर खुपसण्याची सवय तर अनेक घरांत आहे. दार अडवायचे असेल तर स्टॉपर हँडलच्या बाजूला, दाराच्या मोकळ्या कडेजवळ हवा.

स्क्रू हातोडीने ठोकला तर काय बिघडते?

बांधकामाच्या जागी दार बसवताना थोडा वेळ उभे राहिले तर एक दृश्य हमखास दिसते. सुतार स्क्रू भोकावर टेकवतो, हातोडीचे तीन-चार घाव घालून तो पाऊण आत घालतो आणि शेवटचे दोन-तीन आटे पेचकसाने फिरवतो. वरून पाहणाऱ्याला स्क्रू छान बसलेला दिसतो.

आत काय होते ते दिसत नाही. फिरत आत जाणारा स्क्रू लाकडात आपल्या आट्यांसाठी खाचा पाडतो आणि लाकडाचे तंतू त्या खाचांमध्ये आट्यांना धरून बसतात. पकड म्हणतात ती हीच. ठोकलेला स्क्रू हे तंतू फाडत जातो. उरते ते एक सैल भोक, ज्यात स्क्रू खिळ्यासारखा उभा असतो आणि फक्त शेवटच्या दोन-तीन आट्यांवर धरलेला असतो. वर सांगितलेली शंभर किलोंची पकड अशा स्क्रूला लागू होत नाही. घरातले दार दिवसातून तीस वेळा उघडले-लावले तर वर्षाला सुमारे अकरा हजार हालचाली होतात. प्रत्येक हालचालीत सैल स्क्रू केसाएवढा डुलतो आणि भोक थोडे मोठे करतो. दोन पावसाळ्यांचा हिशोब तो हाच.

दोष एकट्या सुतारावर टाकून भागत नाही. मोठ्या कामात मजुरी नगावर ठरते. २४ भोके आधी बारीक ड्रिलने पाडायची, मग स्क्रू फिरवायचे, यात दारामागे दहा-पंधरा मिनिटे जास्त जातात आणि त्यांचे पैसे कोणी देत नाही. स्वतःच्या घराचे काम असेल तर ही दहा मिनिटे आधीच बोलून घ्यावीत आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. महागड्या हँडलवर होणाऱ्या खर्चापेक्षा हा खर्च कितीतरी कमी असतो आणि त्याचा उपयोग जास्त.

भोक किती जाड हवे, यालाही अर्थ आहे. आठ नंबरच्या स्क्रूचा दांडा चार मिलिमीटरहून किंचित जाड असतो आणि आट्यांच्या आतला गाभा तीन मिलिमीटरच्या जवळपास. म्हणून मऊ लाकडात अडीच मिलिमीटरचे ड्रिल आणि सागासारख्या लाकडात तीन मिलिमीटरचे. साग-सालात भोक न पाडता मशीनने स्क्रू दाबला तर एक तर लाकूड चिरते, नाहीतर स्क्रूचे डोके तुटते. आट्यांना मेणबत्ती घासून घेतली की स्क्रू सुरळीत जातो. काही जण साबण लावतात, पण साबण दमट हवेत ओल धरतो आणि लोखंडी स्क्रूला गंज चढतो. मेणबत्तीच बरी.

मशीनचीही एक खोड आहे. स्क्रू पूर्ण बसल्यावर ते थांबले नाही, तर आटे जागच्या जागी फिरून लाकडाचा भुगा करतात. म्हणजे ठोकल्यासारखाच परिणाम, फक्त आधुनिक साधनाने. शेवटचा अर्धा फेरा हाताने द्यावा. हाताला घट्टपणा कळतो.

काळे स्क्रू वापरू नयेत, असे का सांगितले जाते?

फॉल्स सीलिंगच्या कामातून उरलेले काळे, टोकदार ‘जिप्सम स्क्रू’ हल्ली सुताराच्या पिशवीत कायम असतात. ते मशीनने झटकन जातात, भोक पाडावे लागत नाही, म्हणून दारालाही तेच लावले जातात. हे स्क्रू जिप्समचा पातळ बोर्ड पत्र्याच्या पट्टीला धरून ठेवण्यासाठी असतात. ते कडक केलेले, म्हणून ठिसूळ असतात. आडवा ताण आला की वाकण्याऐवजी डोक्याखाली तुटतात, आणि तुटलेला दांडा लाकडात राहतो. त्यांच्या डोक्याची खालची बाजू कर्ण्यासारखी वळलेली असते, बिजागरीच्या भोकाचा उतार मात्र सरळ असतो. त्यामुळे डोके नीट टेकत नाही आणि थोडे वर राहते. समोरासमोरच्या पात्यांवरची अशी डोकी एकमेकांना भिडली की दार पूर्ण बंद होत नाही, ढकलले तरी परत येते. मग दोष चौकटीला दिला जातो.

बिजागरीच्या पाकिटात फुकट येणाऱ्या स्क्रूंकडेही संशयाने पाहिलेले बरे. अनेकदा ते एक इंची आणि भोकाच्या मानाने बारीक असतात. ते कडी-कोयंड्यासाठी ठेवून द्यावेत.

मग स्क्रू किती लांब हवा?

इंटरनेटवर दार दुरुस्तीचे व्हिडीओ पाहणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो : वरच्या बिजागरीला तीन इंची स्क्रू मारा. सल्ला चुकीचा नाही, पण तो अमेरिकेतल्या घरांसाठी आहे. तिथे दाराची चौकट पाऊण इंचाच्या पातळ फळीची असते आणि तिच्या मागे भिंतीचा लाकडी खांब उभा असतो. तीन इंची स्क्रू फळीतून आरपार जाऊन त्या खांबाला धरतो. आपल्याकडे चौकट स्वतःच अडीच इंच जाडीच्या भरीव लाकडाची असते आणि मागे वीट, ब्लॉक किंवा काँक्रीट. पल्ला बसण्यासाठी अर्ध्या इंचाची खाच काढल्यावर बिजागरीच्या मागे सुमारे दोन इंच लाकूड उरते. तीन इंची स्क्रू ते ओलांडून प्लास्टरवर आदळतो. तिथे तो पुढे जात नाही, जागच्या जागी फिरतो आणि मागची पकडही बिघडवतो.

म्हणून आपल्या चौकटीला आठ नंबर, दीड ते पावणेदोन इंच लांब स्क्रू पुरेसा आहे. दाराच्या कडेलाही तेवढाच. फ्लश डोअरच्या कडेने आत भरीव लाकडाची पट्टी असते आणि दीड इंची स्क्रू त्या पट्टीतच राहतो. इथे एक खबरदारी हवी. दार चौकटीपेक्षा रुंद निघाले की ते कापून बसवले जाते. सगळी काटछाट बिजागरीच्याच बाजूने केली तर ही पट्टी पातळ होते आणि स्क्रू गाभ्यातल्या सैल पट्ट्यांमध्ये किंवा त्यांच्या फटीत जातो. काटछाट दोन्ही बाजूंना थोडी-थोडी वाटून करायला सांगावे.

पाच इंची जाड बिजागरीची भोके मोठी असतात, तिला दहा नंबरचा स्क्रू लागतो. साधा नियम असा की स्क्रूचे डोके भोकाच्या उतारात बुडून पातीच्या पातळीत आले पाहिजे. बुडून आरपार गेले तर स्क्रू लहान, वर राहिले तर मोठा. दुकानातच एक स्क्रू बिजागरीत घालून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

बिजागरी निवडताना काय पाहावे?

पुण्यातील बोहरी आळी असो वा मुंबईतील नागदेवी स्ट्रीट, हार्डवेअरच्या दुकानात बिजागरी मागितली की समोर डझनभर नमुने येतात. आतल्या ३०-३५ मिलिमीटरच्या दारासाठी चार इंची, अडीच ते तीन मिलिमीटर जाडीच्या पातीची साधी बिजागरी योग्य. दार आठ फुटी, आरसा लावलेले किंवा चाळीस किलोच्या वर असेल तर पाच इंची किंवा बेअरिंगची घ्यावी. बेअरिंगच्या बिजागरीत नळीच्या सांध्यांमध्ये छोट्या कड्या असतात. दाराचे वजन त्यांवर फिरते, त्यामुळे सांधे एकमेकांवर घासून झिजत नाहीत आणि दार वर्षानुवर्षे त्याच उंचीवर राहते. प्रत्येक खोलीला बेअरिंगची बिजागरी लावण्याची मात्र गरज नाही. दिवसातून दोनदा उघडणाऱ्या स्टोअररूमला ती लावणे हा निव्वळ खर्च आहे.

नमुना हातात घेऊन दोन्ही पात्या उघडाव्यात आणि वर-खाली, आडव्या हलवून पाहाव्यात. नळीत पिन खडखडत असेल तर ती बिजागरी पहिल्या दिवसापासून सैल आहे. मिटल्यावर दोन्ही पात्या समांतर दिसल्या पाहिजेत. बिजागऱ्यांसाठी भारतीय मानकेही आहेत : पोलादी बिजागऱ्यांसाठी आयएस १३४१, पितळेसारख्या धातूंच्या बिजागऱ्यांसाठी आयएस २०५ आणि स्टेनलेस स्टीलसाठी आयएस १२८१७. पाकिटावर हा क्रमांक आणि आयएसआय खूण शोधायला हरकत नाही.

स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत चुंबकाची परीक्षा फार लोकप्रिय आहे. दुकानदार चुंबक लावतो, तो चिकटत नाही, आणि ‘बघा, ३०४ आहे’ असे सांगतो. ही परीक्षा अर्धवट आहे. स्वस्त २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, त्यामुळे दमट जागी ते लवकर डागाळते. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ते खाऱ्या हवेत तग धरते. चुंबक एवढेच सांगू शकतो की वस्तू साध्या लोखंडाची नाही. प्रत हवी असेल तर बिजागरीवर ठोकलेला आकडा पाहावा आणि बिलावर तो लिहून घ्यावा.

पुण्या-नाशिकच्या कोरड्या बेडरूमला ३०४ ची चैन नाही केली तरी चालते. रंग दिलेली पोलादी बिजागरीही तिथे वर्षानुवर्षे टिकते. रत्नागिरी, मालवण, गोवा किंवा मुंबईत समुद्रासमोरच्या इमारतीत मात्र स्टेनलेस किंवा पितळ हवे. आणि मग स्क्रूही त्याच धातूचा. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावला की ओलसर खाऱ्या हवेत दोन धातूंच्या स्पर्शामुळे लोखंड झपाट्याने गंजते. बिजागरी झळाळत असते आणि आतला स्क्रू खंगत असतो. पितळी स्क्रू मऊ असतो, जोर लावला की मोडतो. म्हणून जाणते सुतार आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घेतात, तो काढतात आणि मग पितळी बसवतात.

दोन बिजागऱ्या पुरतात की तीन लागतात?

सात फुटी दाराला तीन. वरची दाराच्या वरच्या कडेपासून आठ इंचांवर, खालची खालच्या कडेपासून दहा इंचांवर. तिसरी कुठे, यावर सुतारांमध्ये मतभेद आहेत. मधोमध लावली तर पल्ला बाक धरत नाही. पावसाळ्यात वाकणाऱ्या लाकडी दारासाठी ते चांगले. पण वरच्या बिजागरीवरचा ओढा वाटून घ्यायचा असेल तर मधली बिजागरी फारशी कामाची नाही, कारण तिथे ओढा जवळपास नसतोच. जड दाराला तिसरी बिजागरी वरच्या बिजागरीखाली फूटभर अंतरावर लावणे शहाणपणाचे. दिसायला ते आपल्या सवयीचे नाही, एवढीच अडचण.

तिन्ही बिजागऱ्यांच्या पिना एका सरळ रेषेत असाव्या लागतात. एक जरी दोन मिलिमीटर पुढे-मागे झाली तरी दार उघडताना ती इतर दोघींशी झगडते, कुरकुरते आणि स्वतःचे स्क्रू उपटते. तेल घालून आवाज जातो, झगडा राहतो. बसवताना प्रत्येक पातीला आधी एकच स्क्रू लावावा, दार दोन-चार वेळा फिरवून पाहावे, कडेची फट सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आहे का ते तपासावे आणि मगच बाकीची भोके भरावीत. भोके सगळी भरावीत. चारातली दोन रिकामी ठेवून वर रंग मारण्याची पद्धत आहे, ती थांबवावी.

पाती बसवण्यासाठी पटाशीने काढलेली खाच पातीच्या जाडीइतकीच हवी. खाच खोल गेली तर दार पूर्ण बंद होण्याआधीच बिजागरीपाशी दाबले जाते आणि सोडले की उघडते. यावर तोडगा सोपा आहे. पातीमागे मायक्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा सारावा. आणि दार कुठेही न अडता आपोआप उघडत किंवा बंद होत असेल, तर बिजागरीला बोल लावू नये. चौकट ओळंब्यात नाही.

बाथरूमचे दार वेगळे का?

फ्लॅटमध्ये बाथरूमला हल्ली ग्रॅनाइटची चौकट असते. दगडाला स्क्रूचे आटे धरत नाहीत, म्हणून भोक पाडून त्यात प्लास्टिकचा प्लग बसवतात. काही ठिकाणी अजूनही लाकडी गुल्ली ठोकली जाते. ती पाण्याने फुगते, वाळते, कुजते आणि स्क्रूसकट बाहेर येते. दगडाच्या कडेजवळ धक्का देणाऱ्या ड्रिलने भोक पाडले तर कपचा उडतो, म्हणून धक्का बंद ठेवून डायमंड बिटने, पाणी घालत भोक पाडावे. प्लग आणि स्क्रू एकमेकांच्या मापाचे हवेत. इथले स्क्रू स्टेनलेसचेच.

घरात वयस्कर माणूस असेल तर आणखी एक विचार करावा. बहुतेक बाथरूमची दारे आत उघडतात. आत कोणी घसरून दाराला टेकून पडले तर बाहेरून दार ढकलता येत नाही, आणि बिजागऱ्यांच्या पिना आतल्या बाजूला असल्याने त्या बाहेरून काढताही येत नाहीत. नवे दार बसवतानाच ते बाहेर उघडणारे केले तर पिना बाहेर राहतात आणि वेळप्रसंगी दार उतरवता येते. पॅसेज अरुंद असेल तर बाहेर आलेल्या पातीची ‘पार्लमेंट’ बिजागरी लावता येते. तिच्यामुळे उघडे दार पूर्ण वळून भिंतीला समांतर राहते, वाट अडवत नाही.

आधीच सैल झालेल्या दाराचे काय करावे?

प्रथम चौकट तपासावी. दार उघडताना-लावताना चौकटीलगतच्या प्लास्टरमधली चीर हलताना दिसली तर चौकटच भिंतीतून सुटली आहे. तिला भिंतीत धरणारे होल्डफास्ट पुन्हा पक्के केल्याशिवाय बिजागरीला हात लावण्यात अर्थ नाही.

चौकट पक्की असेल तर दाराखाली पाचर देऊन वजन उचलून धरावे आणि एका वेळी एकच बिजागरी उघडावी. सैल भोकात काडेपेटीच्या काड्या कोंबून त्याच स्क्रूने काम भागवण्याची घरगुती युक्ती महिना-दोन महिने टिकते. काड्यांचे लाकूड फार मऊ असते. टिकाऊ दुरुस्तीसाठी भोक आठ मिलिमीटरचे करून त्यात कठीण लाकडाची गोल गुल्ली फेव्हिकॉल लावून ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी, कडेला सपाट करावी आणि मग तिच्यात नवे बारीक भोक पाडून दीड इंची स्क्रू फिरवावा. बाथरूमच्या प्लगची गोष्ट वेगळी, इथे लाकडात लाकूड आहे आणि ते कोरडे आहे. हे काम एका दुपारी होते आणि त्यासाठी दार रंधावे लागत नाही.

राहिला प्रश्न पावसाळ्याचा. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगते, हेही खरेच. मग दार बसले आहे की फुगले आहे, हे ओळखायचे कसे? बंद दाराच्या कडेच्या फटी पाहाव्यात. बिजागरीच्या बाजूला वरची फट रुंद, खालची अरुंद आणि हँडलच्या बाजूचा खालचा कोपरा फरशीला टेकलेला असेल तर दार बसले आहे. स्क्रू पाहावेत. हँडलच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच नाहीशी झाली असेल तर दार फुगले आहे. अशा वेळी रंधा दिवाळीनंतरपर्यंत थांबवावा. जुलैत रंधलेल्या दाराला जानेवारीत बोट जाईल एवढी फट पडते. हवा कोरडी झाल्यावरही दार घासत असेल तरच थोडे तासावे, आणि तासलेल्या कडेला त्याच दिवशी रंग किंवा पॉलिश द्यावे. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला तर बहुतेक घरांत कधीच रंग लागलेला नसतो. हात फिरवून पाहिला तर कोरे लाकूड लागते, आणि ओल आत शिरते ती तिथूनच.